क्लोझेला उशीर झाला नव्हता

1998 च्या मे महिन्यात कायझर्सलाउटर्न हा फुटबॉल क्लब जर्मनीचा विजेता ठरला. आदल्या वर्षी तो दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. बढती मिळून वर आला आणि पहिल्याच हंगामात त्याने बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीतली पहिल्या श्रेणीची साखळी, जिंकली. जर्मनीत असं आधी कधी घडलं नव्हतं आणि नंतरही घडलेलं नाही. त्याच सुमाराला, तिथून चाळीसेक किलोमीटरवरच्या कुझेल या छोट्या गावाजवळ, ब्लाउबाख-डीडेलकोप्फ नावाच्या खेडेगावच्या संघाकडून जवळपास वीस वर्षांचा एक मुलगा सातव्या श्रेणीत खेळत होता. त्याचं शिक्षण सुतारकामाचं, घरांच्या छपरांचे लाकडी सांगाडे उभे करण्याचं. या मुलाचं नाव मिरोस्लाव क्लोझे. दोन वर्षांत तो त्याच कायझर्सलाउटर्नकडून बुंडेसलिगात उतरला, तीन वर्षांच्या आत राष्ट्रीय संघात आला आणि 2002 च्या जूनमध्ये योकोहामात ब्राझीलविरुद्ध विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला.

ही गोष्ट बहुतेक वेळा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. गरीब घर, परका देश, हातात रंधा, आणि मनात स्वप्न. शाळेच्या गॅदरिंगला सांगायला ती छान आहे. मला मात्र तिच्या या सांगण्याबद्दल तक्रार आहे, कारण त्यात सगळं श्रेय एका माणसाच्या छातीत कोंबलं जातं आणि त्याच्याभोवतीची जी व्यवस्था खरोखर शिकण्यासारखी आहे ती दिसेनाशी होते. जिद्दी मुलं जगात कुठेही कमी नाहीत. विसाव्या वर्षी सातव्या श्रेणीत खेळणाऱ्या मुलाला पहिल्या श्रेणीत जायला रस्ता असलेले देश मात्र फार थोडे आहेत. आणि ज्या जर्मनीने हा रस्ता बांधला, तोच देश गेली काही वर्षं तो अरुंद करत चालला आहे, ही माझ्या दृष्टीने गंभीर गोष्ट आहे.

आधी क्लोझेचा प्रवास नीट पाहू. त्याचा जन्म 9 जून 1978 चा, पोलंडमधल्या ओपोले शहरातला. वडील योझेफ व्यावसायिक फुटबॉलपटू. ओड्रा ओपोलेकडून आणि फ्रान्समधल्या ओसेर क्लबकडून खेळलेले. आई बार्बरा पोलंडच्या राष्ट्रीय हँडबॉल संघात होती. ऐंशीच्या दशकात, मुलगा आठेक वर्षांचा असताना, हे कुटुंब जर्मनीत येऊन स्थिरावलं. जर्मन भाषा त्याला जवळजवळ येत नव्हती. गावातल्या मुलांशी मैत्री जुळली ती चेंडूमुळे.

आई-वडील दोघंही इतक्या वरच्या दर्जाचे खेळाडू, म्हणजे खेळ त्याच्या रक्तातच होता, मग यात व्यवस्थेचं कौतुक कसलं, असं कुणी विचारेल. मी हा मुद्दा उलटा वाचतो. व्यावसायिक फुटबॉलपटूचा मुलगा, घरात रोज खेळाची चर्चा, जवळच बुंडेसलिगातला मोठा क्लब, आणि तरीही कुमारवयात कुठल्याही मोठ्या क्लबच्या युवा संघात हा मुलगा नव्हता. त्याचं सगळं लहानपण गावच्या संघात गेलं. पुढे विश्वचषकात 16 गोल करणारा खेळाडू चौदाव्या वर्षी कुणाच्या नजरेत भरला नाही. निवड करणारे मूर्ख होते असं मला म्हणायचं नाही. चौदा वर्षांच्या मुलाकडे पाहून तो चोविसाव्या वर्षी काय होईल हे सांगता येत नाही, एवढंच त्यातून दिसतं. कुणाची उंची उशिरा वाढते, कुणाचे पाय आणि डोकं एकमेकांशी जुळायला वेळ लागतो, कुणाच्या घरात त्या वर्षी काहीतरी बिनसलेलं असतं. युवा संघांमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त सापडतात, ही गोष्ट आता अनेक देशांत अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा दाखवली आहे. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलाहून जवळपास एक वर्षाने मोठा असतो, आणि बाराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे खांद्याइतका फरक. निवड गुणांची होते असं वाटतं, पण बऱ्याचदा ती जन्मतारखेची होते.

मग या मुलाला वर आणलं कुणी? एका झेपेत कुणीच नाही, आणि खरी मौज तिथेच आहे. सातव्या श्रेणीतला खेळाडू बुंडेसलिगाच्या प्रशिक्षकाला दिसत नाही. पण दोन-तीन पायऱ्या वरच्या क्लबला दिसतो. 1998 मध्ये शेजारच्या झारलांड राज्यातल्या होमबुर्ग क्लबने त्याला घेतलं. तिथे एक हंगाम. गोलांचा पाऊस वगैरे काही पडला नाही. 1999 मध्ये कायझर्सलाउटर्नने त्याला आपल्या दुसऱ्या संघात घेतलं. जर्मनीतले मोठे क्लब पहिल्या संघाखेरीज आणखी एक प्रौढ संघ बाळगतात, आणि तो संघ खालच्या खुल्या साखळीत, इतर क्लबांच्या पहिल्या संघांशी दोन हात करतो. त्या काळी या संघांना अधिकृतपणे हौशी संघच म्हणत. या हौशी संघात क्लोझे आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. एप्रिल 2000 मध्ये प्रशिक्षक ऑटो रेहागेल यांनी त्याला पहिल्या संघात उतरवलं. मार्च 2001 मध्ये अल्बेनियाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून तो पहिल्यांदा जर्मनीकडून खेळला आणि शेवटच्या मिनिटांत डोक्याने गोल करून सामना जिंकून दिला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 2002 च्या विश्वचषकात पाच गोल, पाचही डोक्याने, त्यांतले तीन सौदी अरेबियाला 8-0 असं हरवताना. 2006 मध्ये पुन्हा पाच गोल आणि स्पर्धेतला सर्वाधिक गोलांचा मान. 2010 मध्ये चार. 2014 मध्ये घानाविरुद्ध एक, आणि बेलो होरिझोंतेमधल्या ब्राझीलविरुद्धच्या त्या 7-1 च्या सामन्यात सोळावा, ज्याने ब्राझीलच्या रोनाल्डोचा विश्वचषकातल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम ब्राझीलमध्येच मोडला. जर्मनीकडून 137 सामन्यांत 71 गोल. पुढचे क्लब वेर्डर ब्रेमेन, बायर्न म्युनिक आणि इटलीतला लाझिओ. आणि एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही: 2012 मध्ये नापोलीविरुद्ध लाझिओकडून खेळताना चेंडू त्याच्या हाताला लागून गोलात गेला, पंचांनी गोल दिला, आणि क्लोझेने स्वतः जाऊन पंचांना सांगितलं की हात लागला होता. गोल रद्द झाला. अशा माणसाबद्दल आदर वाटतोच. पण आदराच्या भरात मूळ प्रश्न निसटू नये.

मूळ प्रश्न पायऱ्यांचा आहे. जर्मन फुटबॉल संघटनेशी सुमारे 24 हजार क्लब जोडलेले आहेत आणि त्यांचे सभासद 70 लाखांहून अधिक आहेत. यातले बहुसंख्य क्लब म्हणजे गावची नोंदणीकृत मंडळं. एखादं मैदान, एक छोटी क्लबाची इमारत, तिथे बियर आणि सॉसेज विकणारे गावातलेच लोक, मुलांना शिकवणारे कुणाचे तरी वडील, मैदानावर चुन्याच्या रेघा ओढणारे निवृत्त आजोबा. यातल्या बहुतेकांना पगार नसतो. रविवारी दुपारी सामना. या सगळ्या क्लबांच्या साखळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत: तालुका पातळीपासून बुंडेसलिगापर्यंत, दर हंगामाअखेर वरचे खाली येतात, खालचे वर जातात. हाइडेनहाइमसारखा क्लब फ्रांक श्मिट या स्थानिक प्रशिक्षकाच्या हाताखाली 2007 पासून एकेक पायरी चढत 2023 मध्ये बुंडेसलिगात पोचला तो याच रचनेतून. क्लबाला जसा रस्ता आहे तसा खेळाडूलाही आहे. आणि दोन पायऱ्यांमधलं अंतर फार नाही. सातव्यातला चांगला खेळाडू पाचव्यात टिकू शकतो का, हे सहा महिन्यांत कळतं. नाही टिकला तर तो परत येतो, गावात त्याची जागा असते.

दुसरा आधार पोटापाण्याचा. जर्मनीत सोळा-सतरा वर्षांची लाखो मुलं काही दिवस कामावर आणि काही दिवस व्यवसाय-शाळेत असं दुहेरी शिक्षण घेतात. त्या काळात त्यांना विद्यावेतन मिळतं आणि शेवटी मान्यताप्राप्त कारागीर म्हणून पत मिळते. क्लोझेच्या हातात सुतारकी होती. हॉर्स्ट ह्रुबेश हा त्याच्या आधीच्या पिढीतला उंचापुरा आघाडीवीर हाम भागातल्या छोट्या क्लबांत खेळायचा आणि छपरं शाकारायचा. चोविसाव्या वर्षी, 1975 मध्ये, रोट-वाइस एसेनने त्याला बुंडेसलिगात आणलं. पाच वर्षांनी रोममध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बेल्जियमविरुद्ध जर्मनीचे दोन्ही गोल त्याचे होते. हे लोक फुटबॉलपायी शिक्षण सोडून बसले नव्हते. फुटबॉल जमलं नसतं तरी त्यांचं घर चाललं असतं. म्हणूनच त्यांना विसाव्या-बाविसाव्या वर्षापर्यंत खेळत राहणं परवडलं. आपल्याकडे पालक पंधराव्या वर्षी मुलाला विचारतात, खेळ की शिक्षण? हा प्रश्न विचारावा लागतो त्या समाजात उशिरा उमलणारा खेळाडू उमलूच शकत नाही, कारण तो उमलायच्या आधीच उत्तर देऊन मोकळा झालेला असतो.

आता दुसरी बाजू, आणि ती मजबूत आहे. 2000 च्या युरो स्पर्धेत जर्मनी गटात शेवटची आली. तीन सामन्यांत एक बरोबरी, एकच गोल, आणि पोर्तुगालकडून 0-3 असा पराभव. त्या लाजेतून मोठी सुधारणा झाली. पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीतल्या सर्व क्लबांना स्वतःची युवा अकादमी चालवणं सक्तीचं झालं; ती नसेल तर खेळण्याचा परवानाच नाही. 2002 पासून संघटनेने देशभर सुमारे 390 ठिकाणी प्रशिक्षण केंद्रं उघडली, जिथे गावच्या क्लबातली गुणी मुलं आठवड्यातून एकदा येऊन शिकू लागली. या पेरणीचं पीक 2014 मध्ये आलं. म्युलर, गोत्झे ही या अकादमीची पोरं. माराकानातल्या अंतिम सामन्यात 88 व्या मिनिटाला क्लोझे बाहेर आला आणि त्याच्या जागी गोत्झे आत गेला. जादा वेळेत गोत्झेनेच अर्जेंटिनाविरुद्ध विजयी गोल केला. छत्तीस वर्षांचा सुतार बाहेर आणि बावीस वर्षांचा अकादमीचा विद्यार्थी आत. तेव्हा अनेकांनी लिहिलं की एक युग संपलं, आता शास्त्रशुद्ध युग.

अकादमी नकोत असं म्हणणारा मी नाही. त्या सुधारणेशिवाय ते अजिंक्यपद आलं नसतं हे मान्यच आहे. पण त्या विजयाचा हिशेब मांडताना दोन नोंदी गळतात. एक, त्या संघाच्या आघाडीला स्पर्धेच्या इतिहासातला सर्वाधिक गोल करणारा माणूस होता आणि तो अकादमीतून आलेला नव्हता. दोन, त्या संघातले नॉयर, हुमेल्स, बोआटेंग, ह्योवेडेस, खेदिरा आणि ओझिल हे सहा जण 2009 मध्ये 21 वर्षांखालील युरोपीय अजिंक्यपद जिंकलेल्या संघात होते, आणि त्या संघाचा प्रशिक्षक होता तोच छपरं शाकारणारा ह्रुबेश. अकादमीच्या सर्वांत यशस्वी पिढीला घडवणारा हात रविवारच्या साखळीतून आलेला होता. दोन्ही रस्ते एकमेकांना पोसत होते. बिघाड सुरू झाला तो यातल्या एकालाच रस्ता मानायला लागल्यावर.

हा बिघाड कुठे आहे ते नेमकं सांगतो. क्लोझे ज्या पायरीवरून बुंडेसलिगात चढला ती म्हणजे क्लबाचा दुसरा संघ. योनास हेक्टरचीही तीच. हेक्टर झारलांडमधल्या आउएर्समाखेर गावच्या क्लबात वाढला, विसाव्या वर्षापर्यंत तिथेच पाचव्या श्रेणीत खेळला. अकादमीचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. 2010 मध्ये तो कोलोनच्या दुसऱ्या संघात गेला, दोन वर्षांनी पहिल्या संघात, 2014 मध्ये राष्ट्रीय संघात. 2016 च्या युरो स्पर्धेत इटलीविरुद्ध उपांत्यपूर्व सामना पेनल्टींवर गेला, म्युलर, ओझिल, श्वाइनश्टायगर यांच्यासारख्यांच्या पेनल्टी हुकल्या, आणि नववी, निर्णायक पेनल्टी मारून जर्मनीला पुढे नेलं ते हेक्टरने. 2018 मध्ये कोलोन दुसऱ्या श्रेणीत घसरलं तेव्हा राष्ट्रीय संघाचा खेळाडू असूनही तो क्लब सोडून गेला नाही. निवृत्त झाला तोही कोलोनमधूनच, 2023 मध्ये.

आणि नेमकी हीच पायरी 2014 मध्ये ऐच्छिक झाली. त्याआधी व्यावसायिक क्लबांना दुसरा संघ ठेवावाच लागे. नियम सैल होताच लेव्हरकुझेन आणि फ्रांकफुर्टने आपले दुसरे संघ बंद केले. पुढे लाइपझिगनेही केला. फ्रांकफुर्टला 2022 मध्ये तो पुन्हा उभा करावासा वाटला, ही बोलकी गोष्ट आहे. क्लबांचा युक्तिवाद असा की दुसऱ्या संघावर बराच पैसा जातो, आणि ज्या मुलात दम आहे तो अठराव्या वर्षी थेट पहिल्या संघात जातो; मग मधल्या मुलांना पोसायचं कशाला? खालच्या श्रेणीतल्या क्लबांचीही एक रास्त तक्रार होती: दुसऱ्या संघांबरोबर प्रेक्षक येत नाहीत, तिकिटं खपत नाहीत, आणि साखळीतली जागा मात्र ते अडवतात.

दुसरी तक्रार मला पटते, आणि तिच्यावर तोडगे निघू शकतात. पहिला युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. अठराव्या वर्षी ज्याच्यात दम दिसतो तो पहिल्या संघात जातो हे खरं. पण एकविसाव्या वर्षी ज्याच्यात दम येतो त्याने कुठे जायचं? क्लोझे अठराव्या वर्षी बुंडेसलिगाच्या लायकीचा नव्हता. कदाचित विसाव्या वर्षीही नव्हता. तो एकविसाव्या वर्षी झाला, कारण त्या वर्षी त्याला रोज सराव मिळाला, वरच्या दर्जाचे सहकारी मिळाले, आणि आठवड्याला पुरुषांविरुद्ध एक खराखुरा सामना मिळाला. दुसरा संघ काढून टाकणाऱ्या क्लबाने पैसे वाचवले असतील, पण आपल्याच परिसरातला पुढचा क्लोझे पाहण्याची खिडकीही बुजवली.

देशातला रस्ता किती अरुंद होत गेला ते पुढच्या दोन खेळाडूंच्या वाटेकडे पाहिलं की कळतं. रोबिन गोझेन्स नेदरलँड्सच्या सीमेलगतच्या एमेरिखचा. रेडे या छोट्या क्लबात खेळायचा. बोरुसिया डॉर्टमुंडने चाचणीला बोलावून नाकारला. त्याला उचललं ते सीमेपलीकडच्या व्हिटेसे क्लबने. तिथून डोर्ड्रेख्ट, हेराक्लेस, मग इटलीत अटलांटा. बुंडेसलिगात एकही सामना न खेळता तो जर्मनीच्या संघात आला आणि 2021 मध्ये म्युनिकला झालेल्या युरोच्या सामन्यात पोर्तुगालला 4-2 असं हरवताना एक गोल करून सामनावीर ठरला. बुंडेसलिगात तो उतरला 2023 मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, युनियन बर्लिनकडून. डेनिझ उंडाव्हला वेर्डर ब्रेमेनने कुमारवयात सोडून दिलं. तो हावेल्झेसारख्या चौथ्या श्रेणीतल्या क्लबात खेळला, सोबत कारखान्यात यंत्रावर काम केलं, मग तिसऱ्या श्रेणीत मेप्पेन. तिथून पुढची पायरी त्याला जर्मनीत सापडली नाही. 2020 मध्ये तो बेल्जियमच्या दुसऱ्या श्रेणीतल्या युनियन सेंट-गिलोआजमध्ये गेला, त्यांच्यासोबत वर चढला, पहिल्या श्रेणीत गोलांचा राजा झाला, इंग्लंडमधल्या ब्रायटनने त्याला विकत घेतलं, आणि 2023-24 मध्ये, श्टुटगार्टकडून बुंडेसलिगात 18 गोल केले त्या हंगामात, तो राष्ट्रीय संघात पोचला.

ह्रुबेश, क्लोझे आणि हेक्टर देशातल्या देशात वर चढले. गोझेन्स आणि उंडाव्हला परक्या देशाच्या शिडीवरून चढून जर्मनीच्या गच्चीवर उतरावं लागलं. पाच उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण ज्या वर्षांत अकादमी सर्वशक्तिमान होत गेली त्याच वर्षांत हे घडलं, आणि याकडे योगायोग म्हणून पाहणं मला जमत नाही. 2024 पासून युवा पातळीवरची साखळीही अशी बदलली आहे की अकादमींच्या संघांना घसरणीची भीती उरलेली नाही. हौशी क्लबांच्या युवा संघांना पात्रता मिळवून त्यात शिरावं लागतं. मुलांवरचं ताण-दडपण कमी व्हावं हा हेतू चांगला असेल. पण वरचे कधीच खाली येणार नसतील तर खालच्यांचं वर जाणं कृपेवर अवलंबून राहतं.

एक निरीक्षण इथे नोंदवतो, कारण त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. हे पाच जण कुठल्या जागी खेळतात? ह्रुबेश, क्लोझे, उंडाव्ह आघाडीला. हेक्टर आणि गोझेन्स डाव्या बगलेला. जर्मन फुटबॉल गेली कित्येक वर्षं ज्या दोन जागांसाठी रडतं आहे त्या नेमक्या याच: पेनल्टी क्षेत्रात हवेत उडी घेऊन गोल करणारा अस्सल नऊ नंबर आणि भरवशाचा डावा बचावपटू. अकादमीत प्रत्येक हुशार मुलाला मधल्या फळीत खेळायचं असतं, कारण तिथे चेंडू जास्त मिळतो आणि तिथेच नजरा असतात. चेंडू पायात खेळवण्याची कला अकादमी अप्रतिम शिकवते. पण चिखलात, धिप्पाड गवंड्याच्या आणि ट्रक ड्रायव्हरच्या धक्क्याबुक्क्यांत, वाईट क्रॉसवरही गोल कसा करायचा हे सातव्या श्रेणीतच शिकायला मिळतं. क्लोझेची हवेतली वेळ साधण्याची हातोटी सुबक सरावातून आलेली वाटत नाही. हा माझा अंदाज आहे, पण मला तो सोडवत नाही.

आक्षेप येतो की एका क्लोझेमागे हजारो असे असतात जे सातव्या श्रेणीतच राहिले, त्यांचं काय? हा आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. ते हजारो आजही रविवारी खेळत असतात. त्यांना कुणी काढून टाकलेलं नसतं. ते काम करतात, संध्याकाळी सरावाला येतात, पन्नाशीत मुलांना शिकवतात, क्लबाचा हिशेब सांभाळतात. त्यांचं फुटबॉल वाया गेलेलं नाही. याउलट अकादमीतून सोळाव्या वर्षी बाहेर काढलेल्या मुलाचा विचार करा. दहा वर्षांचा असल्यापासून त्याला सांगितलेलं असतं की तू निवडक आहेस, आणि एका दुपारी कळवलं जातं की आता नाहीस. त्यातली कितीतरी मुलं बूट कायमचे काढून ठेवतात. ज्या व्यवस्थेत हरलेला माणूसही खेळत राहतो ती व्यवस्था, विजेते कमी निघाले तरी, मला जास्त न्याय्य वाटते. आणि जर्मनीच्या अनुभवावरून विजेतेही कमी निघत नाहीत.

हे सगळं मराठीत लिहिण्याचं कारण आहे. महाराष्ट्र शासनाने बायर्न म्युनिकशी हातमिळवणी केली आणि 2023 मध्ये एफसी बायर्न महाराष्ट्र कप या नावाने शालेय मुलांची स्पर्धा झाली. चौदा वर्षांखालील निवडक मुलांना म्युनिकला प्रशिक्षणासाठी पाठवण्याची ती योजना होती. ज्या मुलांना ती संधी मिळाली त्यांचा आनंद मोठाच. पण जर्मनीकडून शिकायला निघालो आणि नेमकं काय उचललं? चौदाव्या वर्षी मुलं वेचायची, हेच. जर्मनीच्या व्यवस्थेतला जो भाग क्लोझेला पाहू शकला नव्हता तोच आपण आणला.

खालची जमीन आपल्याकडे अजिबात ओसाड नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ पिढ्यान् पिढ्या खेळत आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा रिकाम्या होतात, आणि दिवसा दुकानात किंवा कारखान्यात राबणारा पोरगा संध्याकाळी पेठेचा नायक असतो. भारतात जर्मन गावच्या क्लबाशी नातं सांगणारं काही असेल तर ते या तालमी आहेत. पण तिथल्या बावीस वर्षांच्या गुणी खेळाडूच्या वरची पायरी कोणती? त्याच्या संघाने साखळी जिंकली तर तो संघ कुठे चढतो? याचं खात्रीचं उत्तर नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पण त्याला लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. लहानपणी जो वेचला गेला नाही त्याच्यासाठी रस्ता पेठेतच संपतो.

गोव्याने तर रस्ता बंद होताना पाहिला आहे. धेंपो हा पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला क्लब. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवासह तो 2016 मध्ये आय-लीग या राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडला, कारण त्या वेळच्या नव्या आराखड्यात वरची साखळी पैसे भरून आत आलेल्यांची राहणार होती आणि खेळून वर जायची वाट त्यांना दिसत नव्हती. धेंपोला आय-लीगमध्ये परतायला 2024 उजाडलं. मधल्या आठ वर्षांत गोव्यातली किती पोरं एकवीस वर्षांची झाली असतील?

म्हणून माझी मागणी सरळ आहे. जर्मनीत परवान्याच्या अटींत दुसरा संघ पुन्हा सक्तीचा व्हावा. सक्ती फार वाटत असेल तर निदान एवढं करावं की ज्या क्लबांनी तो बंद केला त्यांनी वाचवलेल्या पैशातला हिस्सा चौथ्या-पाचव्या श्रेणीतल्या क्लबांना द्यावा, कारण त्या क्लबांनी जोपासलेल्या मुलांवर उद्या हेच हक्क सांगणार आहेत. आणि आपल्याकडे कोल्हापूर, मुंबई, पुणे, नागपूर या जिल्ह्यांच्या साखळ्या एकमेकींना जोडून, जिंकणारा संघ वर आणि हरणारा खाली जाईल अशी खुली राज्य साखळी उभी राहावी, तिच्यात अठरा ते तेवीस वयाच्या नोकरी करणाऱ्या मुलांना खेळता येईल असं संध्याकाळचं आणि रविवारचं वेळापत्रक असावं. त्यासाठी जर्मनांची मदत हवीच असेल तर पुढचा करार बायर्न म्युनिकशी करण्याऐवजी बव्हेरियाच्या प्रादेशिक फुटबॉल संघटनेशी करावा. हजारो गावांच्या संघांचे सामने दर आठवड्याला लावायचे कसे, पंच आणायचे कुठून, बिनपगारी माणसं वर्षानुवर्षं टिकवायची कशी, हे तिला माहीत आहे.